झीज : खनिजोद्योगातील एक शब्द आणि अनेक क्रिया

मराठीत ‘झिजणे’ हे क्रियापद फार कामाचे आहे. सहाणेवर चंदन झिजते, पायातल्या वहाणा झिजतात, एखाद्या कामासाठी कचेरीचे उंबरे झिजविले जातात आणि कोणी दुसऱ्यासाठी देह झिजवितो. या सर्व ठिकाणी अर्थाचा गाभा एकच आहे : वस्तूचा अंश थोडाथोडा करून, बहुधा नकळत, नाहीसा होणे. खाणीतून निघालेले धातुक फोडणाऱ्या, दळणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या यंत्रांच्या बाबतीतही हाच शब्द वापरला जातो. क्रशरचा जबडा झिजला, बॉल मिलचे अस्तर झिजले, पंपाचा पंखा झिजला, लिफ्टचा दोर झिजला. ही चारही वाक्ये व्याकरणदृष्ट्या सारखी आहेत; परंतु त्यांत सांगितलेल्या घटना इतक्या भिन्न आहेत की, एकीवरचा उपाय दुसरीला लावल्यास पैसा वाया जातोच, आणि प्रसंगी माणसाचा जीवही धोक्यात येतो. या एका शब्दाखाली कोणत्या क्रिया दडलेल्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या ओळखणे का अगत्याचे आहे, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१. क्रियापद आणि त्याचा कर्ता

‘झिजणे’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘क्षीयते’ या रूपात आहे. त्यापासून प्राकृत ‘झिज्जइ’ आणि पुढे मराठी ‘झिजणे’ अशी परंपरा लागते. ‘क्षीयते’ हे ‘क्षि’ म्हणजे ‘नष्ट करणे’ या धातूचे कर्मणी रूप होय. म्हणजे ज्या रूपात नाश करणारा सांगण्याची गरजच नसते, अशा रूपातून आपले क्रियापद जन्मले आहे. मराठीत ते अकर्मक झाले, आणि कर्ता पूर्णपणे दृष्टीआड गेला. ‘जबडा झिजला’ या वाक्यात जबडा हाच व्याकरणातील कर्ता. जणू झिजणे हा त्याचा स्वभावच आहे.

व्यवहारात मात्र असे काही नसते. कोणताही धातू आपण होऊन झिजत नाही. त्याला कोणीतरी झिजविते. प्रयोजक रूप वापरताच प्रश्न उभे राहतात : कोणी झिजविले? कशाने? किती जोराने? सरकत, चिरडत, की आदळत? यंत्रशास्त्रात झिजेचा अभ्यास वस्तुतः याच प्रश्नांनी सुरू होतो. एखादे पोलाद ‘झीजरोधक’ आहे असे म्हणणे अर्धवट आहे, कारण झीजरोध हा केवळ पदार्थाचा गुण नसून पदार्थ, त्याला झिजविणारे खनिज, भार, वेग आणि भोवतीचे पाणी किंवा हवा या सर्वांच्या संबंधातून तो ठरतो.

इंग्लंडमधील संशोधक आर्चर्ड यांनी १९५३ साली घासल्या जाणाऱ्या पृष्ठांच्या झिजेचे एक सुटसुटीत सूत्र मांडले. झिजून गेलेले आकारमान हे भाराच्या व घासल्या गेलेल्या अंतराच्या सम प्रमाणात आणि मऊ पृष्ठाच्या कठीणतेच्या व्यस्त प्रमाणात असते, असा त्याचा आशय. परंतु या सूत्रात एक गुणांकही आहे, आणि झीज कोणत्या तऱ्हेची आहे त्यानुसार त्याचे मूल्य दहापट, शंभरपट, हजारपट बदलू शकते. भार, अंतर आणि कठीणता मोजता येतात; उरलेली सर्व गुंतागुंत त्या एका अक्षरात कोंबलेली असते. ‘झीज’ हा शब्दही मराठीत नेमके तेच काम करीत आला आहे.

२. झिजविणारा पदार्थ

खाणीत झिजविणारा कर्ता बहुधा खनिजच असते. जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोह्‌स यांनी १८१२ साली खनिजांची दहा पायऱ्यांची श्रेणी बसविली. ज्याने ज्यावर ओरखडा उठतो ते अधिक कठीण, हा तिचा साधा निकष आहे. या श्रेणीत क्वार्ट्‌झ म्हणजे गारेचा दगड सातव्या पायरीवर येतो, तर साध्या चाकूचे पोलाद साडेपाचच्या आसपास. नदीची वाळू बहुतांशी क्वार्ट्‌झची असते आणि धातुकाबरोबर येणाऱ्या निरुपयोगी खडकातही ते विपुल असते. म्हणून बहुतेक खाणींत यंत्राचा मुख्य वैरी तेच होय.

विदर्भातील मँगॅनीजच्या पट्ट्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नागपूर जिल्ह्यातील मनसर, कांद्री, गुमगाव आणि भंडारा जिल्ह्यातील चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील धातुकाच्या सोबतीला एक विशिष्ट खडक आढळतो. भूवैज्ञानिक फर्मॉर यांनी भारतातील मँगॅनीज-साठ्यांवरील आपला ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. या खडकाला त्यांनी दिलेले ‘गोंडाइट’ हे नाव या प्रदेशातील गोंड लोकांवरून घेतलेले आहे आणि ते आज जगभरच्या भूविज्ञानात रूढ आहे. गोंडाइट हा मुख्यतः क्वार्ट्‌झ आणि स्पेसार्टीन नावाचे मँगॅनीजयुक्त गार्नेट यांचा बनलेला असतो. दोन्ही खनिजे मोह्‌सच्या श्रेणीत सातच्या जवळपासची आहेत. असा खडक धातुकाबरोबर क्रशरमध्ये गेला म्हणजे जबड्याची गाठ कोणाशी पडते, हे वेगळे सांगावयास नको.

मोह्‌सची श्रेणी केवळ क्रम सांगते, अंतर सांगत नाही. त्यासाठी विकर्सचे मापन उपयोगी पडते. या मापनात साध्या मऊ पोलादाची कठीणता सव्वाशे-दीडशे, पाणी देऊन कठीण केलेल्या पोलादाची पाचशे ते आठशे किंवा थोडी अधिक, क्वार्ट्‌झची सुमारे अकराशे आणि विशिष्ट लोखंडातील क्रोमियम कार्बाइडच्या कणांची बाराशे ते अठराशे इतकी भरते. प्रयोगांवरून असे दिसून आले आहे की, झिजविणारा कण पृष्ठापेक्षा सुमारे १.२ पटीहून अधिक कठीण असेल तर तो पृष्ठाला सहज ओरखडतो. हे प्रमाण त्याखाली गेले म्हणजे झीज झपाट्याने उतरते. म्हणून पोलाद दीडशेवरून तीनशेवर नेल्याने क्वार्ट्‌झपुढे अपेक्षेइतका लाभ होत नाही. त्या उंबरठ्याच्या पलीकडे जाणारा पदार्थ मिळाला, तर मात्र फरक ठळकपणे दिसतो.

यावरून ‘सर्वांत कठीण पदार्थ वापरा म्हणजे झाले’ असा निष्कर्ष कोणी काढील. तो चुकीचा का, हे कळण्यासाठी झिजेच्या तऱ्हा पाहावयास हव्यात.

३. ओरखडा, भरड, टवका आणि मारा

खनिजांमुळे होणाऱ्या झिजेचे तीन प्रकार यंत्रशास्त्रात फार दिवसांपासून मानले गेले आहेत.

पहिल्या प्रकारात बारीक कण पृष्ठावरून घसरत जातात, पण त्यांच्यावरचा दाब त्यांचा स्वतःचा चुरा होण्याइतका नसतो. धातुक ज्या उतरत्या पन्हळीतून खाली सोडले जाते तिचा तळ अशा रीतीने झिजतो. पृष्ठावर बारीक समांतर रेघा उमटतात, चमकही येते. मराठीत याला ‘ओरखडणे’ किंवा ‘खरवडणे’ हे शब्द आहेत.

दुसऱ्या प्रकारात कण दोन कठीण पृष्ठांच्या मध्ये सापडतो आणि चिरडला जातो. बॉल मिलमध्ये हेच घडते : आडव्या फिरत्या नळकांड्यात पोलादी गोळे आणि धातुक एकत्र उलथेपालथे होतात, गोळ्या-गोळ्यांमध्ये आणि गोळा व अस्तर यांच्यामध्ये कण भरडले जातात. कण फुटतो त्या क्षणी त्याच्या ताज्या धारदार कडा धातूत रुततात. येथे घरातल्या जात्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये धान्य भरडले जाते, त्याबरोबर तळ्याही झिजत जातात आणि दगडाची कच पिठात उतरते. बॉल मिलमध्ये दगडाऐवजी लोखंड उतरते. एक टन धातुक बारीक करताना काही शे ग्रॅम ते एक किलोग्रॅम किंवा त्याहूनही अधिक पोलाद खर्ची पडते, आणि रोज हजारो टन दळणाऱ्या कारखान्यात हा खर्च विजेच्या खर्चाखालोखाल मोठा ठरू शकतो.

जात्याचे उदाहरण आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावावी लागते. त्या वेळी जात्याचा दगड संपलेला नसतो. त्याचा खडबडीतपणा संपलेला असतो. मिलच्या अस्तरावरील उंचवट्यांचेही तसेच आहे. हे उंचवटे गोळ्यांना वर उचलून नेतात. ते झिजले म्हणजे गोळे वर न चढता खालीच घसरत राहतात, आणि अस्तराची जाडी पुष्कळ शिल्लक असूनही दळण बिघडते. झीज म्हणजे केवळ वजनाची तूट नव्हे, तर आकाराचीही तूट होय.

तिसरा प्रकार सर्वांत उग्र. मोठा धोंडा प्रचंड दाबाने किंवा आघाताने पृष्ठावर येतो आणि त्याचा कोपरा धातूचा लहानसा तुकडाच उखडून काढतो. जबडा-क्रशरच्या पाट्या आणि खोदयंत्राच्या बकेटचे दात असे झिजतात. येथे रेघा नसतात, खोबणी आणि खड्डे असतात. ‘टवका उडणे’ हा मराठी शब्दप्रयोग या घटनेला चपखल बसतो.

या तिहींच्या जोडीला चौथी तऱ्हा आहे ती प्रवाहाबरोबर येणाऱ्या कणांच्या माऱ्याची. दळलेले धातुक पाण्यात मिसळून पंपाने व नळांनी पुढे नेले जाते. नळाच्या वळणावर आणि पंपाच्या पंख्यावर हे कण आदळत राहतात. या बाबतीत दोन गोष्टी निर्णायक ठरतात. पहिली वेग : वेग दुप्पट झाला तर झीज दुप्पट न होता सामान्यतः चौपट ते आठपट होते. दुसरी आघाताचा कोन. पोलादासारख्या तन्य धातूची झीज कण तिरपे, सुमारे २० ते ३० अंशांच्या कोनात आले असता सर्वाधिक असते, कारण ते पृष्ठ तासत जातात. काचेसारख्या ठिसूळ पदार्थाची झीज कण सरळ समोरून आदळले असता सर्वाधिक असते, कारण तेथे तडे जाऊन कपच्या निघतात. फिनी यांनी १९६० च्या सुमारास या तासण्याचे गणित मांडले. म्हणजे एकाच नळाच्या सरळ भागाला जे मानवते ते वळणाला मानवेलच असे नाही.

४. कठीण आणि चिवट

शेफिल्डचे धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ साली जे पोलाद शोधून काढले, ते या विवेचनाचे उत्तम उदाहरण आहे. थोडे मँगॅनीज घातले तर पोलाद सुधारते आणि त्याहून अधिक घातले तर ते ठिसूळ होते, अशी त्या वेळची समजूत होती. आणि काही मर्यादेपर्यंत ती खरीही होती. हॅडफील्ड यांनी प्रमाण आणखी वाढविले. मँगॅनीज सुमारे १२ टक्के आणि कार्बन सुमारे १.२ टक्के असलेले पोलाद लालबुंद तापवून पाण्यात बुडविले असता ते ठिसूळ न होता विलक्षण चिवट झाले. साध्या कार्बन-पोलादाला पाणी दिले की ते कठीण व ठिसूळ होते. येथे नेमके उलट घडले.

या पोलादाची मूळ कठीणता ब्रिनेल मापनात दोनशेच्या आसपास, म्हणजे मुळीच मोठी नाही. परंतु त्यावर आघात झाले की आघात झालेला थर कठीण होत जातो आणि पाचशेपर्यंत पोचतो. आतला गाभा मात्र चिवटच राहतो. वरचा थर झिजून गेला की खालचा थर आघातांनी तसाच कठीण होतो. तांबट लोकांना हा धर्म अपरिचित नाही. तांब्याचे भांडे ठोकता ठोकता कठीण होत जाते, म्हणूनच ते मध्ये मध्ये तापवून मऊ करावे लागते. तांबटाला जी अडचण वाटते, तीच क्रशरच्या जबड्याला वरदान ठरते. आज शंभर वर्षांहून अधिक काळ जबडा-क्रशरच्या पाट्यांसाठी मुख्यतः याच जातीचे पोलाद वापरले जात आहे. विदर्भातील खाणींतून निघणारे मँगॅनीज पोलादाच्याच कामी येते, आणि मँगॅनीजचे धातुक फोडणाऱ्या जबड्यातही पुन्हा मँगॅनीजच असते.

आता हेच पोलाद पन्हळीच्या तळाला लावले तर काय होईल? तेथे आघात नाहीत. बारीक वाळू नुसती घसरते आहे. आघाताविना हे पोलाद कठीण होत नाही, आणि साध्या पोलादाच्या मानाने फारसे सरस ठरत नाही. किंमत मात्र जास्त मोजावी लागते. याउलट सुमारे २७ टक्के क्रोमियम असलेले पांढरे ओतीव लोखंड घेतले, तर त्यातील कार्बाइडचे कण क्वार्ट्‌झलाही पुरून उरतात, आणि पन्हळीत किंवा पंपात ते उत्तम टिकते. पण तेच लोखंड मोठ्या क्रशरच्या जबड्यात बसविले तर पहिल्याच काही धोंड्यांखाली ते तडकण्याचा संभव असतो, कारण ते कठीण आहे, चिवट नाही.

सर्वांत आश्चर्य वाटावे असा पदार्थ म्हणजे रबर. मोह्‌सच्या श्रेणीत त्याला स्थान नाही. तरीही बारीक कणांची स्लरी वाहून नेणाऱ्या पंपांना आणि मिलनाही रबराचे अस्तर लावतात आणि ते पोलादाहून अधिक टिकते. आदळलेल्या कणाची ऊर्जा रबर शोषून घेते आणि कणाला परत फेकते. परंतु कण मोठे व धारदार असतील, किंवा पाण्यात तेल असेल, तर हेच अस्तर लवकर फाटते अथवा फुगते.

‘कठीण’, ‘चिवट’, ‘लवचिक’ आणि ‘ठिसूळ’ हे चार शब्द मराठीत स्वतंत्र व स्पष्ट आहेत. व्यवहारात मात्र या सर्वांऐवजी ‘मजबूत’ हा एकच शब्द पुढे केला जातो. ओतशाळेकडे ‘मजबूत पाट्या’ मागविणारा ग्राहक आपल्याला काय हवे ते सांगतच नाही.

५. न दिसणारी झीज

आतापर्यंतच्या चारही तऱ्हा पृष्ठावर दिसणाऱ्या आहेत. दोन तऱ्हा अशा आहेत की त्या डोळ्यांना सहजी दिसत नाहीत.

एक गंज. गंजलेला लोखंडी तुकडा पडून राहिला तर गंजाचा थर काही अंशी पुढच्या गंजाला अडवितो. पण ओल्या दळणात हा थर धरला रे धरला की खनिजाचे कण तो खरवडून टाकतात आणि उघडे पडलेले ताजे लोखंड पुन्हा गंजते. गंज आणि घासणे ही दोन्ही स्वतंत्रपणे जेवढे नुकसान करतील, त्यांच्या बेरजेहून एकत्र घडलेले नुकसान अधिक असते.

दुसरा धातूचा थकवा. खोल खाणीत माणसे व माल वर आणणारा तारेचा दोर चाकावरून हजारो वेळा वाकतो व सरळ होतो. बाहेरच्या तारा घासून सपाट होतात. ती झीज दिसते आणि मापताही येते. पण आतल्या तारांना वाकण्याच्या ताणाने सूक्ष्म तडे जातात, तसाच आत शिरलेल्या पाण्याने गंजही चढतो, आणि बाहेरून दोर धडधाकट दिसत असता आतून त्याचे बळ घटत जाते. दोराची जाडी मोजून ‘झीज अल्प आहे’ असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. तो एकीच झिजेबद्दल बोलत असतो. यासाठी चुंबकीय उपकरणांनी दोराच्या आतील तुटलेल्या तारा शोधण्याच्या पद्धती प्रचारात आल्या आहेत. क्रशरचा जबडा चुकीच्या निदानाने गेला तर काम थांबते. दोराच्या बाबतीत चुकीच्या निदानाची किंमत पिंजऱ्यातील माणसांना द्यावी लागते.

६. झिजेचा हिशेब

हा प्रश्न केवळ सुट्या भागांच्या खर्चाचा नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आणि पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या समितीने १९६६ साली असा अंदाज दिला की, घर्षण आणि झीज यांच्याकडे शास्त्रीय दृष्टीने लक्ष दिल्यास त्या देशाची वर्षाला ५१.५ कोटी पौंडांची बचत होऊ शकेल. खनिजोद्योगापुरता विचार फिनलंडचे केनेथ होल्मबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या गणनेप्रमाणे जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६.२ टक्के ऊर्जा खाणकामात खर्च होते. खनिजांच्या खाणकामात लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे ४० टक्के भाग घर्षणावर मात करण्यातच जातो. शिवाय या घर्षणासाठी जितकी ऊर्जा लागते तिच्या निम्म्याच्या जवळपास आणखी ऊर्जा झिजलेले भाग पुन्हा घडविण्यात, बदलण्यात आणि राखीव सामग्री सिद्ध ठेवण्यात खर्ची पडते. धातू मिळविण्यासाठी धातू झिजवावा लागतो, आणि झिजलेल्याची भरपाई करण्यासाठी पुन्हा खाणीकडेच जावे लागते.

७. परिभाषेचा प्रश्न

या विषयाला स्वतंत्र नाव मिळाले तेही जोस्ट समितीच्या वेळीच. ‘घासणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ‘ट्रायबॉलॉजी’ हा शब्द १९६६ मध्ये बनविण्यात आला. त्यापूर्वी घर्षण पदार्थविज्ञानाकडे, वंगण रसायनाकडे आणि झीज कारखान्यातील फोरमनकडे, अशी वाटणी होती. नाव मिळाल्याने विषय निर्माण झाला नाही. पण विखुरलेली माणसे एका मेजाभोवती आली, हे खरे.

मराठीत यासाठी परिभाषा घडविताना ‘अपघर्षण’, ‘अपक्षरण’, ‘संक्षारण’ अशा संस्कृत शब्दांकडे स्वाभाविकपणे हात जातो. ग्रंथलेखनात त्यांचे स्थान आहेच. तथापि हे शब्द एकमेकांसारखे दिसतात, आणि ज्याने ते वापरावयाचे त्या कारखान्यातील कामगाराच्या कानाला त्यांतील भेद जाणवत नाही. ‘क्षि’ धातूपासूनची ‘झीज’ आणि ‘क्षर’ धातूपासूनचे ‘क्षरण’ या शब्दांमध्ये अर्थाची सीमारेषा तरी कोठे आखावयाची? उलट घरगुती क्रियापदांत कर्ता आणि रीत दोन्ही अंगभूतच आहेत. खरवडणारा आणि टवका उडविणारा यांत कोणाचाही घोटाळा होत नाही. यास्तव ‘झीज’ हा सामान्य शब्द कायम ठेवून त्याच्यामागे क्रियेचे नाव जोडावे, आणि ओरखड-झीज, भरड-झीज, टवका-झीज, मारा-झीज, गंज-झीज आणि थकवा-झीज असे सहा शब्द रूढ करावेत, हे अधिक सोयीचे होईल. प्रत्यक्ष यंत्रात यांपैकी दोन-तीन तऱ्हा एकाच वेळी चालू असतात, हे खरे. अशा वेळी जी प्रबळ असेल तिचे नाव द्यावे आणि दुसरीची नोंद करावी.

झिजलेला भाग बदलताना बहुतेक ठिकाणी नोंदवहीत एवढेच लिहिले जाते : ‘झीज झाल्यामुळे बदलला’. या नोंदीवरून पुढच्या वेळी कोणता पदार्थ मागवावा, हे कोणालाही कळत नाही. त्याऐवजी ‘टवका-झीज, पाटीच्या खालच्या टोकास अधिक’ असे चार-सहा शब्द लिहिले गेले, तर काही महिन्यांतच ती नोंदवही त्या खाणीच्या खडकाविषयी आणि यंत्राविषयी प्रयोगशाळेलाही न सांगता येणारी माहिती देऊ लागेल. जुना भाग भंगारात टाकण्यापूर्वी त्याच्या पृष्ठाकडे क्षणभर पाहणे आणि जे दिसले त्याला त्याच्या नावाने हाक मारणे, एवढेच त्यासाठी पुरेसे आहे.